ताशिरोपर्यंत वीस किलोमीटर

१९०२ च्या जानेवारीत जपानच्या उत्तर भागात, हक्कोदाच्या डोंगरांत, दोन लष्करी तुकड्या एकाच आठवड्यात पायी निघाल्या. पहिली हिरोसाकीहून निघालेली, ३१ व्या पायदळ रेजिमेंटची. तिच्यात ३८ माणसं होती, मोहीम बारा दिवस चालली आणि वाट दोनशे किलोमीटरहून लांब होती. दुसरी आओमोरीहून निघालेली, ५ व्या रेजिमेंटची. तिच्यात २१० माणसं होती. वीस किलोमीटरवरच्या ताशिरो या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ठिकाणी जायचं, एक रात्र काढायची आणि माघारी यायचं, एवढाच तिचा बेत. लांबच्या वाटेला गेलेले सगळे जिवंत परतले. जवळच्या वाटेला गेलेल्या २१० पैकी १९९ मेले.

रशियाशी कधी ना कधी जुंपणार, हे जपानी लष्कराने धरून ठेवलं होतं. रशियन आरमाराने किनाऱ्यालगतचा रस्ता आणि रेल्वे तोडली, तर भर हिवाळ्यात डोंगरातून माणसं आणि सामान नेता येईल का, हे दोन्ही रेजिमेंटना तपासायचं होतं.

या घटनेत थंडीला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. थंडी भयंकर होतीच. २५ जानेवारीला होक्काइदोतल्या असाहिकावा इथे पारा उणे ४१ अंशांवर गेला. जपानच्या अधिकृत हवामान नोंदींत त्याहून कमी तापमान अजून आलेलं नाही. पण हिरोसाकीची माणसं त्याच थंडीत, त्याच डोंगरात होती. म्हणून २३ जानेवारीपासूनचे तास एकामागून एक लावून पाहावे लागतात. ते तसे लावले की मला सगळ्यात घातक वाटते ती एक खात्री: ताशिरो जवळच आहे.

१८ जानेवारी

आओमोरीच्या तुकडीचे प्रमुख कॅप्टन कान्नारी बुनकिची यांनी रंगीत तालीम घेतली. एक स्लेज ओढत माणसं कोतोगे या चढापर्यंत गेली आणि दिवस मावळायच्या आत परत आली. हवा स्वच्छ होती. कोतोगे जवळपास निम्म्या वाटेवर येतं, त्यामुळे ताशिरो एका दिवसात सहज गाठता येईल असा हिशेब झाला. डोंगरात पायी फिरणाऱ्याला हा हिशेब कुठे चुकतो ते लगेच कळेल. अर्धी वाट चांगल्या हवेत चालून बघितली म्हणजे उरलेली अर्धी वाईट हवेत बघितली असं होत नाही.

२३ जानेवारी, सकाळी ६.५५

तुकडी छावणीतून बाहेर पडली. सोबत १४ स्लेज होत्या, प्रत्येकीवर ८० किलोच्या आसपास ओझं: तांदूळ, कोळसा, भांडी, डबाबंद अन्न, साके. एकेका स्लेजला चार-चार माणसं जुंपलेली. शिपायांच्या अंगावर सुती कापडाचा गणवेश आणि वरून ओव्हरकोट, पायांत भाताच्या पेंढ्याचे बूट. शिपायांपैकी बरेचसे इवाते आणि मियागी या दक्षिणेकडच्या प्रांतांतले होते. हक्कोदाचा हिवाळा त्यांच्या ओळखीचा नव्हता. संध्याकाळी गरम पाण्यात उतरायचं आहे, या आनंदात काही जण होते.

सुती कापडाबद्दल इथेच सांगायला हवं, कारण पुढे सगळं तिथे येऊन अडतं. कंबरभर बर्फातून स्लेज ओढताना माणूस घामाने निथळतो. सुती कापड तो घाम पिऊन घेतं आणि माणूस थांबला की अंगावरच गोठायला लागतं. हिवाळी डोंगरात चालताना गारठण्याइतकीच घामाचीही भीती बाळगावी लागते.

तुकडीत आणखी एक अडचण होती, ती ओझ्यात मोजलेली नव्हती. हुकूम द्यायचा अधिकार कॅप्टन कान्नारींचा. पण पाहणीसाठी म्हणून बटालियनचे प्रमुख मेजर यामागुची काही अधिकाऱ्यांसह बरोबर आले होते. ते कान्नारींचे वरिष्ठ. वाटेत निर्णय कोणाचा चालेल, हे कोणी स्पष्ट केलेलं नव्हतं.

२३ जानेवारी, सकाळ सरताना

तामोगिनो. डोंगराआधीचं हे शेवटचं गाव. गावकऱ्यांनी सांगितलं, अशा हवेत वर जाऊ नका. आणि जायचंच असेल तर आमच्यातला वाटाड्या घ्या. सैन्याने वाटाड्या नाकारला. नकाशा आहे, होकायंत्र आहे, माणसं दोनशेच्या वर आहेत, मग वाटाड्या कशाला? गावकरी पैशांसाठी मागे लागतात असंही अधिकाऱ्यांना वाटल्याचं सांगतात.

वाटाड्याजवळ असतं काय, याचा विचार करायला हवा. पायवाट तर त्यालाही दिसत नाही, ती बर्फाखाली दोन-तीन पुरुष खोल गेलेली असते. पण कुठल्या झाडाच्या डावीकडे घळ आहे, वारा कुठल्या खांद्यावर उलटा फिरतो, अंधार पडला तर कोळसेवाल्यांची झोपडी कुठे आहे, हे त्याला माहीत असतं. सह्याद्रीत भर पावसात, ढग उतरलेल्या पठारावर वाट चुकलेल्यांना या माहितीची किंमत सांगावी लागत नाही.

२३ जानेवारी, दुपारी १२ च्या सुमारास

कोतोगे. जेवणाची सुट्टी झाली. डब्यांतला भात गोठायला लागला होता. वारा वाढला, आभाळ उतरलं. तुकडीबरोबरच्या डॉक्टरांनी माघारी फिरायचा सल्ला दिला आणि अधिकाऱ्यांत चर्चा झाली. अधिकारीपदाच्या काही उमेदवारांना आणि खालच्या हुद्द्याच्या काही जणांना परत जाणं कमीपणाचं वाटत होतं. रेजिमेंटच्या अब्रूचा प्रश्न त्यांनी पुढे केला आणि तुकडी पुढे निघाली.

सगळे वाचू शकतील अशी शेवटची वेळ ही होती. मागची वाट अजून दिसत होती, पावलं पुसली गेली नव्हती आणि गावात उजेडी पोचता आलं असतं.

२३ जानेवारी, दुपारी ४ च्या पुढे

उमातातेबा, ७३२ मीटर. त्या दिवसाच्या वाटेवरचं सगळ्यात उंच ठिकाण, इथून ताशिरोकडे उतार. पण स्लेज मागे राहिल्या होत्या. मऊ बर्फात त्या रुतत होत्या आणि चढावर मागे घसरत होत्या. त्यांना वर आणायला दोन प्लॅटून, म्हणजे ८८ माणसं, मागे पाठवली. बाकीचे वाऱ्यात उभे राहिले. घामाने भिजलेली माणसं उघड्या माथ्यावर उभी राहून स्लेजची वाट पाहत होती. या भागात जानेवारीत सूर्य पाचच्या आत मावळतो.

ताशिरोत मुक्कामाची सोय बघायला पंधरा जणांची टोळी पुढे पाठवली होती. बर्फात भटकत ती फिरून पुन्हा मुख्य तुकडीच्याच मागे येऊन निघाली. म्हणजे पुढे वाट सापडत नव्हती, आणि ते आता सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. स्लेज सोडल्या, ओझं पाठीवर घेतलं.

२३ जानेवारी, रात्री ८ च्या सुमारास

हिरासावाच्या रानात थांबायचं ठरलं. ताशिरो इथून जेमतेम दीड-दोन किलोमीटर होतं. कुठल्या दिशेला, ते कोणाला ठाऊक नव्हतं.

बर्फात पाच खड्डे खणले, प्रत्येक सुमारे दोन मीटर रुंद, पाच मीटर लांब, अडीच मीटर खोल. एकेकात चाळीस माणसं, वर छप्पर नाही. अडीच मीटर खणूनही जमीन लागली नाही. म्हणून चूल बर्फावरच मांडावी लागली. कोळसा कसाबसा पेटला की खालचा बर्फ वितळायचा, चूल खचायची, भांडं कलंडायचं. पाण्यासाठी बर्फ वितळवायचा, तांदूळ शिजायची वाट बघायची, तोवर विस्तव खाली खाली जायचा. मध्यरात्र उलटल्यावर अर्धाकच्चा भात वाटला गेला. बसायला जागा नव्हती. माणसं उभ्याने पाय आपटत राहिली, झोपू नये म्हणून लष्करी गाणी म्हणत राहिली. तापमान उणे वीसच्या आसपास असावं.

तरीही त्या पहाटेपर्यंत कोणी मेलं नव्हतं. खड्डे होते, थोडा विस्तव होता, अन्नही होतं. पहाटेपर्यंत सगळे तिथेच दाटीने राहिले असते तर?

२४ जानेवारी, पहाटे २

माघारी फिरायचं ठरलं. ठरल्याप्रमाणे निघायची वेळ सकाळची होती. पण पाय बधिर होत चालले होते, असंच थांबलो तर हिमदंशाने सगळे पांगळे होतील ही भीती अधिकाऱ्यांना वाटली. भीती खरी होती. पण अंधार आणि हिमवादळात खड्डे सोडून बाहेर पडणं हा तिच्यावरचा उपाय नव्हता. अडीचच्या सुमाराला दोनशे दहा माणसं विस्तव सोडून निघाली.

२४ जानेवारी, पहाटे ३.३०

नारुसावाच्या घळीपाशी वाट हरवली. तेवढ्यात सातो नावाच्या सार्जंट-मेजरने सांगितलं, मला ताशिरोची वाट माहीत आहे. मेजर यामागुचींनी, कान्नारींना न विचारता, त्याला पुढे व्हायला सांगितलं. परत आओमोरीला चाललेली तुकडी पुन्हा ताशिरोकडे वळली. अंधारात हुकूम कोणाचा पाळायचा हा प्रश्न आदल्या सकाळी निघताना सुटला नव्हता. त्याचं उत्तर इथे, सगळ्यात वाईट वेळी मिळालं.

वाट चुकीची होती. ती खाली खाली नेत कोमागोमे नदीच्या पात्रात घेऊन गेली आणि तिथे संपली. आता वर चढायला हवं होतं, समोर कडा. बधिर हातांनी बर्फाचा कडा चढताना माणसं मागे घसरत होती. ज्यांना चढता आलं नाही ते खालीच राहिले.

२४ जानेवारी, दिवसभर

कड्याच्या वर आले ते थेट वाऱ्यात. त्या दिवशी खाली आओमोरी शहरातसुद्धा तापमान उणे आठच्या वर चढलं नाही. डोंगरावर त्याहून कितीतरी खाली असणार, आणि वर वारा.

वाचलेल्यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींत एक तपशील असा आहे की तो वाचून मी पुस्तक मिटून बसलो. बोटं बधिर झाल्याने शिपायांना पँटची बटणं उघडता येत नव्हती. नाइलाजाने कपड्यांतच लघवी व्हायची. ती ओली जागा गोठायची, गारठा थेट पोटाकडे चढायचा आणि माणूस काही वेळात खाली बसायचा. एका बटणावर जीव जाऊ शकतो, हे उबदार खोलीत बसून पटणं कठीण आहे.

लेफ्टनंट मिझुनो या दिवशी गोठून गेले. ते मोठ्या सरदार घराण्यातले होते. अधिकारीही मरू शकतो हे बघून शिपायांचं उरलंसुरलं अवसान गळालं.

साडेचौदा तास चालून दिवस मावळताना तुकडी नारुसावातल्या एका खोलगट जागी थांबली. आदल्या रात्रीच्या खड्ड्यांपासून ही जागा सरळ रेषेत एक किलोमीटरही नव्हती. फावडी आणि भांडी घेऊन चालणारे वाटेत पडले होते. आता खड्डा खणता येत नव्हता, चूल पेटवता येत नव्हती. माणसं एकमेकांना चिकटून उभी राहिली. बाहेरच्या कडेला उभे असलेले आधी पडले. त्या रात्रीअखेर सुमारे पाव तुकडी संपलेली होती.

खाली तामोगिनोकडे, रेजिमेंटने पाठवलेली माणसं अन्न घेऊन, शेकोटी पेटवून वाट बघत होती. तुकडी परतायची ठरलेली वेळ हीच होती. कोणी आलं नाही.

२५ जानेवारी, पहाटे ३

पुन्हा अंधारात कूच. होकायंत्राचा उपयोग होत नव्हता. पुढे कडा लागला, मागे फिरले, आणि मागे फिरताना माणसं रांगेतून गळत गेली. काहींना भ्रम होऊ लागले. लाकडं तोडून तराफा करू, नदीतून आओमोरीला जाऊ, असं ओरडत काहींनी पाण्यात उड्या घेतल्याचं वाचलेल्यांनी सांगितलंय. काहींनी अंगावरचे कपडे काढून टाकले. शरीर अतिशय गारठलं की शेवटच्या टप्प्यात माणसाला उलट उकडायला लागतं. आज ही गोष्ट वैद्यकशास्त्राला चांगली ठाऊक आहे. तेव्हा शेजारच्या शिपायांनी ती फक्त पाहिली.

उजाडेपर्यंत सुमारे सत्तर जण उरले. मग टेहळणीसाठी माणसं पाठवली. साडेअकराच्या सुमारास त्यांतला कॉर्पोरल परत आला: वाट सापडली. दुपारी तीनला उरलेले उमातातेबावर पोचले. परवा याच माथ्यावर ते स्लेजची वाट बघत थांबले होते.

२५ जानेवारी, आओमोरी

रेजिमेंटच्या कचेरीत अजून अंदाज बांधणं चालू होतं. ताशिरोत थांबले असतील. नाहीतर पलीकडे सानबोंगीकडे उतरले असतील. मोठी तुकडी आहे, एवढ्या सगळ्यांना काय होणार? त्या दिवशी शोधपथक वर गेलं नाही. खाली बसलेल्यांनीही अंतरच मोजलं होतं.

२६ जानेवारी

पहाटेच्या मोजणीत तीस-एक माणसं. ती दिवसभर थोडं थोडं सरकत राहिली. आओमोरीहून साठ जणांचं पथक अखेर निघालं, पण वादळात वाटाड्यांनीच पुढे जाणं अशक्य सांगितलं आणि ते माघारी आलं.

२७ जानेवारी, सकाळ

उरलेल्यांचे दोन गट झाले. मेजर यामागुची आणि त्यांच्याबरोबर पाहणीसाठी आलेले कॅप्टन कुराइशी बाकीच्यांना घेऊन नदीच्या बाजूने गेले. कान्नारी मूठभर माणसांसह तामोगिनोकडे निघाले. त्यांची माणसं एकेक करून पडली. शेवटी ते स्वतः कोसळले आणि कॉर्पोरल गोतो फुसानोसुकेला त्यांनी सांगितलं: तू पुढे जा, गावकऱ्यांना सांग.

अकराच्या सुमारास शोधपथकाला बर्फात एक माणूस उभा दिसला. हलत नव्हता, पण जिवंत होता. गोतोला बोलतं करायला वेळ लागला. त्याने कान्नारींचं नाव घेतलं. काही अंतरावर बर्फाखाली ते सापडले. डॉक्टरांनी प्रयत्न केले, पण ते वाचले नाहीत.

गोतो वाचला. हिमदंशाने हातापायांचे भाग कापावे लागले. तो उभा सापडला त्या रूपात त्याचा पुतळा आज उमातातेबाच्या माथ्यावर आहे.

२७ जानेवारीनंतर

शोध सुरू झाला तसं होक्काइदोहून आयनू लोकांना कुत्र्यांसह बोलावलं. बर्फात कसं शोधायचं हे त्यांना ठाऊक होतं. नदीच्या घळीत कुराइशी आणि काही जण ३१ जानेवारीला जिवंत सापडले. कोळसेवाल्यांच्या झोपडीत दोघं सापडले. आणि २ फेब्रुवारीला ताशिरोच्या गरम झऱ्यांपाशी एक कॉर्पोरल जिवंत मिळाला. दोनशे दहांपैकी ताशिरोला पोचून जगलेला तो एकटा. एकूण १७ जणांना जिवंत बाहेर काढलं, त्यातले सहा नंतर मेले. मेजर यामागुचीही २ फेब्रुवारीला इस्पितळात वारले. वाचलेल्या अकरांपैकी बहुतेकांचे हातपाय कापावे लागले. शेवटचा मृतदेह २८ मे रोजी, बर्फ वितळल्यावर मिळाला.

आणि हिरोसाकीची तुकडी? कॅप्टन फुकुशिमा ताइझो यांच्या हाताखालची ही माणसं २० जानेवारीला निघाली होती. संख्या कमी, ओझं कमी, स्लेजचा ताफा नाही, शक्य तिथे गावात मुक्काम, आणि अवघड टप्प्यांवर त्या त्या गावचे वाटाडे. पायाखालची सगळी वाट अनोळखी आहे हे धरूनच त्यांचा बेत आखलेला होता. आओमोरीची तुकडी जिथे संपली तो हक्कोदाचा भाग त्यांनी उलट दिशेने, त्याच आठवड्यात ओलांडला आणि २९ जानेवारीच्या पहाटे ते तामोगिनोत उतरले. ३१ ला हिरोसाकीत परत.

लष्करात त्यांचं कौतुक झालं. पुढे नित्ता जिरो यांची १९७१ ची कादंबरी आणि १९७७ चा चित्रपट आला, त्यातून जपानमध्ये ही घटना घरोघरी पोचली आणि फुकुशिमा म्हणजे शहाणा सेनापती असं चित्र ठसलं. बेताच्या बाबतीत ते खरंच आहे. पण हक्कोदा ओलांडून देणारे होते सात गावकरी. बर्फात पुढे राहून त्यांनी वाट फोडली, रात्रीच्या वादळात झोपडी शोधून दिली. डोंगराचा धोका टळताच त्यांना दोन-दोन येन देऊन तिथेच सोडून दिलं, आणि वाटेत जे पाहिलं ते कोणाला सांगायचं नाही अशी ताकीद दिली. वाटेत आओमोरीच्या तुकडीच्या मरणाच्या खुणा होत्या. हे सातजण हिमदंशाने जखमी होते. त्यांतल्या काहींचं उरलेलं आयुष्य त्या जखमांनी पोखरलं. त्यांच्या नावाने स्मारक उभं राहिलं, पण बऱ्याच वर्षांनी.

कुराइशी आणि फुकुशिमा दोघेही १९०५ च्या जानेवारीत रशियाविरुद्धच्या लढाईत, मंचुरियातल्या हेइकोउताइच्या बर्फात मारले गेले. ज्या युद्धासाठी हक्कोदाची ही मोहीम काढली होती, ते हेच.